सोजर गेली

पहिल्याच ट्रॅक्टरवर चार भोंगे बांधले होते आणि चारी भोंग्यांतून माझं नाव केकाटत होतं.

सोजर गेली, सोजर गेली, चूल माझी थंडी केली,
भरल्या ट्रॉलीत बसून बया मुकादमाच्या दारी गेली.

आमची जीप कारखान्याच्या यार्डात वळली तशी ड्रायव्हर पोरांनी ती अडवली. दोघं बॉनेटवर चढले. बाकीच्यांनी माझ्या नवऱ्याला दारातून ओढून सरळ खांद्यावर घेतलं. मी मागच्या सीटवर पदर घट्ट धरून बसलेली. त्यातला एक जण, असेल माझ्याच वयाचा, खिडकीशी वाकला आणि मायेनं म्हणाला, "ताई, ती सोजर एकदा हाताला घावू दे. केसाला धरून दादांच्या पायावर आणून घालतो का न्हाई बगा."

मी म्हटलं, "बरं."

दुसरं काय म्हणणार? सोजर मीच.

जीपमधून उतरूच नये, असं वाटलं. पण मी आले होते ती एका आशेवर. हंगामातल्या उसाच्या पहिल्या ट्रॉलीची पूजा होती, आणि ती जोडप्याच्या हातून करायची रीत आहे. नवऱ्याच्या शेजारी बायको पाटावर बसावी लागते. म्हटलं, तिथं तरी त्याला मला बोलवावं लागेल. चारचौघांत म्हणावं लागेल, ही माझी बायको, ही कुठं गेली नाही, गाणं ते गाणं. एवढं एक वाक्य मला पाहिजे होतं.

त्याचं नाव अंकुश. तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणायची. आता नुसतं अंकुश म्हणते. तुम्हाला चालत नसेल तर नसू दे, मला चालतं.

अंकुश ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. बेंजो वाजवायचा आणि स्वतःची गाणी जुळवून म्हणायचा. दारूड्याची, धाब्यावरची, बायको सोडून गेलेल्या माणसाची. स्वतः थेंबाला शिवत नव्हता, पण गळा असा की ऐकणाऱ्याला चढावी. पुण्यातल्या एका कॅसेट कंपनीत जाऊन आला. तिथला साहेब म्हणाला, असलं गावठी कोण ऐकणार? झालं, गडी पेटला. म्हणाला, कंपनी गेली उडत, आपली कॅसेट आपण काढायची.

सोलापुरात एका माणसाची खोली मिळाली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेल्या. वैशाखाचं ऊन, आणि पंख्याची घरघर टेपात येते म्हणून पंखा बंद. एक बेंजो, एक ढोलकी, अंकुशचा गळा आणि मागं कोरस म्हणायला मी. दुपारपर्यंत मला भोवळ यायची बाकी होती. गाण्यातल्या बाईला नाव पाहिजे होतं. दोन-तीन नावं घालून बघितली, ढोलकीवर एकही बसेना. शेवटी मीच म्हटलं, "माझं घाला की."

"तुजं? तुला चालंल?"

"न चालायला काय झालं? जगाला कळू दे तरी तुम्हाला बायको हाय ते."

आमच्याकडं नवरा बायकोला 'अगं ए' म्हणतो. लग्नातल्या उखाण्यानंतर तिचं नाव त्याच्या तोंडून निघेल तर शपथ. आणि इथं कॅसेटवर नाव! मी हवेतच. कोरस म्हणताना हसू आवरेना म्हणून दोनदा टेप मागं घ्यावा लागला.

कॅसेट ड्रायव्हर लोकांनीच पसरवली. दुकानात कुठं मिळायची नाही. या ट्रॅक्टरवरून त्या ट्रॅक्टरवर, याच्या टेपातून त्याच्या टेपात, खरूज पसरावी तशी पसरली. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर निघाला की वर अंकुश बोंबलतोय हे ठरलेलं. काही पोरांना सगळी गाणी पाठ होती. कुठल्या कडव्यात अंकुशचा आवाज चिरकतो, कुठं तो श्वास घेतो, तेसुद्धा ती करून दाखवायची. सुरू व्हायला त्रास देणाऱ्या ट्रॅक्टरला 'सोजर' म्हणायला लागली. मोटारसायकलींवरून झुंडीनं आमच्या वाडीवर यायची, अंकुशच्या पाया पडायची आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "दादा, तुमचं दुःख ते आमचं दुःख."

पहिल्यांदा आम्ही दोघं पोट धरून हसलो. दुःख विसरायला म्हणून ते बाटल्या आणायचे. अंकुश हात लावायचा नाही. मी ती दारू बाजेच्या फटींत ओतून ढेकूण मारले.

मग हळूहळू हसणं बंद झालं.

एकदा बाजारात बांगड्या भरायला बसले. कासारणीनं हात दाबत दाबत नाव विचारलं. मी सांगितलं. तिनं माझा हात सोडूनच दिला. "तसलं नाव सांगत जाऊ नका बया. बदलून घ्या." शेजारी बसलेली बाई उठून लांब जाऊन बसली. एका हातात बांगड्या, दुसरा मोकळा, अशी मी घरी आले. अंकुशला सांगितलं तर त्याचे डोळे चमकले. "बग, लोकास्नी किती लागलंय ते!" म्हणाला. माझ्या हाताकडं त्यानं बघितलंही नाही.

त्यानं दाढी वाढवली. धुतलेला सदरा घालेना. माणसं आली की मी समोर ठेवलेलं ताट सरकवून म्हणायचा, "जेवण जात न्हाई हो." ती गेली की चार भाकरी खायचा. पुढं तेही करेना. एका दिवशी त्याच्या तोंडाला वास आला. मी बोलले तर म्हणाला, "घेतल्याबिगार गाणं लागत न्हाई आता." घरात सुपाएवढी चूल पेटलेली, तिच्यापुढं बसून हा म्हणतोय, चूल माझी थंडी केली. मला ते ऐकून अंगावर काटा यायला लागला.

पूजेच्या आदल्या आठवड्यात ड्रायव्हर मंडळाचा पुढारी घरी आला. तात्या बंडगर. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा, बोलायला मऊ. कारखाना आमच्यापासून लांब, नदीपल्याड, त्यामुळं आमच्या घरचं तिकडं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी चहा दिला. तात्यांनी कप खाली ठेवला आणि हात जोडले.

"ताई, तुम्ही हाय म्हणून दादा हायेत. सख्ख्या भणीनंबी एवढं केलं नसतं. त्या बयेनं सोडल्यावर तुम्ही भावाला सांभाळलं."

मी अंकुशकडं बघितलं. अंकुश कपात बघत होता.

"तवा पूजंला दादांनी यायचं," तात्या म्हणाले, "आन ताईंनीबी. आमच्या बायका ताईंची ओटी भरणार हायेत."

ते गेल्यावर मी विचारलं, "मी कवापासून भण झाले तुमची?"

"त्यांचा समज झालाय. आसू दे. पब्लिकचं मन मोडायचं नसतं."

"आन पूजा? पूजंला जोडीनं बसावं लागतंय."

"बगू तवाचं तवा," म्हणाला आणि बेंजो पुसायला लागला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. पण मी गप्प बसले. पूजेला पाटावर कोण बसतं ते बघूच, म्हटलं.

तर आता यार्डात. ऊन चढत होतं. ट्रॅक्टर ओळीनं उभे, त्यांना आंब्याचे डहाळे आणि झेंडूच्या माळा. मधे उसानं भरलेली पहिली ट्रॉली, तिच्या पुढं रांगोळी, कलश आणि दोन पाट. मी ते दोन पाट बघितले आणि जीव जरा खाली पडला. बाजूला बायका बसल्या होत्या, त्यांच्यात मला बसवलं. एका वयस्क बाईनं मला कुंकू लावलं, खण आणि नारळ ओटीत घातला, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "भावाचं घर राखलंस गं माजे बाय," म्हणाली. सगळ्यांच्या तोंडी तेच. मला तो नारळ मांडीत धोंड्यासारखा जड वाटत होता.

अंकुश पाटावर बसला. गुरव शेजारच्या रिकाम्या पाटाकडं बघून म्हणाला, "यजमानीणबाई?"

तात्या खालच्या आवाजात म्हणाले, "न्हाईत. तुमास्नी ठाव हाय की, महाराज."

"मग सुपारी खोचा कमरंला."

बायको मेलेली असली, नाहीतर पूजेला येण्यासारखी नसली, की तिच्या जागी पुरुषानं कमरेला सुपारी खोचायची. मग पूजा जोडीनं झाली असं धरतात. गुरवानं सुपारी पुढं केली. मी अंकुशकडं टक लावून बघत होते. आता मान वळवेल, आता हाक मारेल. मी पदरसुद्धा सावरला होता उठायला. हातभर अंतरावर बसले होते मी.

त्यानं सुपारी घेतली आणि कमरेला खोचली. कडोसरीला चंची खोचावी इतक्या सहज.

माझं डोकंच फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा स्वभाव. मी उभी राहिले, नारळ घरंगळत गेला.

"सुपारी कशाला?" मी ओरडले. "मी जित्ती हाय की हितं!"

सगळ्यांच्या माना वळल्या. तात्यांना वाटलं, बहिणीला भावाचं बघवेना. ते समजूत घालायला पुढं आले. "ताई, बसा. आमास्नीबी वाईट वाटतंय. पर बायकूच्या पाटावर भण कशी बसंल?"

"मी भण न्हाई. मी बायकू हाय त्यांची. मी सोजर!"

भोंगे तेवढ्यापुरते बंद होते. माझा आवाज पार शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत गेला असावा. मग मागून कुणीतरी म्हणालं, "हीच ती."

ते दोन शब्द एका तोंडातून दुसऱ्यात जात पुढं आले. हीच ती. हीच ती. माणसं ट्रॉल्यांवरून खाली उड्या टाकायला लागली. ज्या म्हातारीनं मला कुंकू लावलं होतं तीच पुढं झाली आणि तळव्यानं तिनं माझं कपाळ पुसून काढलं. एका शब्दानं बोलली नाही. नुसतं पुसलं, हात पदराला पुसला आणि मागं सरली. बाकीच्या बायकाही सरल्या. मी एकटी उरले आणि भोवतीनं पुरुष.

एक चप्पल येऊन खांद्यावर बसली. पदर कुणीतरी मागून ओढला. सकाळी खिडकीशी वाकलेला तो पोरगा अगदी समोर होता. त्याचे डोळे लाल झाले होते आणि गालांवर पाणी होतं. त्याला खरंच दुःख झालं होतं हो! तेच तर भयंकर. नुसता दांडगट असता तर मी शिव्या घातल्या असत्या. रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

"अहो, सांगा की!" मी अंकुशला म्हटलं. "गाणं हाय म्हणून सांगा की यांना!"

अंकुश पाटावर बसून होता. हात गुडघ्यांवर.

मग मीच लोकांकडं वळले. "दादांनो, मी कुटंबी गेले न्हाई. तो मुकादम मी बगितलाबी न्हाई. समदं रचलेलं हाय ते. मागं कोरस म्हटलाय तो मीच! ऐका, आवाज ओळखा माझा." आणि मी म्हणायला लागले. घसा कोरडा, सूर थरथरतोय, तरी म्हटलं:

गेली गं बया गेली, घरची लक्ष्मी गेली.

मला खरंच वाटलं, ओळखतील. ज्यांना अंकुशचा श्वास पाठ आहे त्यांना माझा आवाज ओळखू येणार नाही? पुढच्या रांगेतले दोघं-तिघं चमकलेही. पण तेवढ्यात मागच्या बाजूनं कुणीतरी पुढची ओळ घेतली. मग दुसऱ्यानं. मग सगळ्या यार्डानं. हातातल्या काठ्या, पान्हे, जे असेल ते ट्रॉल्यांच्या पत्र्यावर बडवत शेकडो पुरुष माझ्या तोंडावर म्हणत होते, गेली गं बया गेली. माझा कोरस. मी तोंड मिटलं तरी तो चालूच राहिला. पत्र्याचा आवाज छातीत घुमत होता. त्या दिवशी मी मरते, असं मला वाटलं. आईची आठवण आली. तिला माझं तोंड तरी बघायला मिळेल का, असं काहीबाही मनात येत होतं.

तात्या दोन्ही हात पसरून माझ्यापुढं उभे राहिले. "थांबा रं! बाईमाणसाला हात लावायचा न्हाई! दादा बोलतील. दादा बोलतील ते खरं."

माइक अंकुशपुढं आला. "दादा, ही तीच का?"

पत्रे बडवणं थांबलं. आता बोलेल, मी मनात म्हटलं. एक वाक्य. एवढी माणसं याच्या शब्दावर जीव टाकतात. हा म्हणाला की गाणं रचलेलं आहे, तर फार तर काय, चार जण नाराज होतील.

अंकुश सावकाश उठला. माइक हातात घेतला.

"ड्रायव्हर भावांनो," तो म्हणाला, "हीच सोजर. परत आली. आन माज्या पाया पडून म्हणली, चुकले." त्याचा आवाज चिरकला, कॅसेटवर चिरकतो तिथंच चिरकावा तसा. "काय करू मी? घरची लक्ष्मी हाय. म्या माफ केलं तिला."

काय गर्जना झाली म्हणून सांगू! गुलाल उधळला. भोंगे सुरू झाले. मला मारायला आलेला तोच पोरगा ढसढसा रडत माझ्या पाया पडला, म्हणाला, "वैनी, आता दादास्नी सोडू नका." बायका परत आल्या. त्याच म्हातारीनं माझं कपाळ परत कुंकवानं भरलं. मला धरून अंकुशच्या पायावर वाकवलं, मग पाटावर बसवलं. गुरवानं अंकुशच्या कमरेची सुपारी काढून घेतली. पूजा झाली. मी नारळ वाढवला, ट्रॉलीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, सांगतील ते केलं. अंगाला दरदरून घाम होता आणि तो गुलालात मिसळून लाल ओघळ गळ्यावरून उतरत होते.

वाचले, एवढंच मनात होतं. त्या वेळी मी अंकुशचे उपकारसुद्धा मानले. म्हटलं, गडी हुशार. खरं बोलला असता तर कुणी ऐकलं नसतं, चवताळलेल्या माणसांना खरं पटतंय कुठं? त्यांना पाहिजे ते दिलं आणि बायकोला सोडवली.

परतीच्या जीपमध्ये आम्ही दोघं मागं. जीपवाला पुढं, आपल्याच नादात, टेप मोठ्यानं लावलेला. वाडी अजून लांब होती. जरा वेळानं मी म्हटलं, "बरं झालं तसं बोललात. न्हाईतर फाडून खाल्लं असतं मला."

अंकुश खिडकीतून बाहेर बघत होता.

"पर आता एक करा," मी म्हटलं. "चार दिस जाऊ द्या, मग तात्यांना घरी बोलवून खरं सांगा. मी काय जन्मभर पळून गेलेली बाई म्हणून ऱ्हाऊ?"

"काय खरं सांगू?"

"काय म्हंजी? मी कुटं गेले न्हवते ते."

त्यानं माझ्याकडं वळून बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढ्या मायेनं त्यानं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. माझा हात त्यानं आपल्या हातात घेतला.

"जाऊ दे, सोजे. झालं गेलं. म्या मनापासून माफ केलंय. त्या मुकादमाचं नाव मी जन्मात काढणार न्हाई."

मी हसले. खरंच हसले, आधी तसंच वाटलं, थट्टा करतोय. "पुरे आता," म्हटलं, "हितं कोण हाय ऐकायला?"

तो हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"एवढंच कर," तो म्हणाला, "परत जाऊ नगंस."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. वास नव्हता. पूजा म्हणून सकाळपासून घेतली नव्हती त्यानं. शुद्धीवर होता, आणि मनापासून बोलत होता. यार्डातली भीती निराळी होती. तिथं शेकडो माणसांना खोटं खरं वाटत होतं, पण खरं ठाऊक असलेला एक माणूस पाटावर बसलेला होता. तो बोलला नाही, एवढंच. आता जीपमध्ये खरं ठाऊक असलेली मी एकटीच राहिले होते. आणि या माणसाच्या घरात, याच्या शेजारी, मला उरलेला जन्म काढायचा होता. माफ केलेली बायको म्हणून. चहा जरा गार झाला तरी माफ. शेजाऱ्याशी बोलले तरी त्याचे डोळे भरून येणार. उद्या हाच मला विचारेल, कसा होता गं मुकादम? आणि परवा कदाचित मीच काहीतरी सांगायला लागेन.

वाटेत धाब्यावर जीप थांबली. पाच-सहा ट्रॅक्टर उभे होते, पोरांनी अंकुशला ओळखलं आणि गराडा घातला. तो खाली उतरला. त्याला हार घातला, बाजेवर बसवला. "म्हणा दादा, एक कडवं तरी," म्हणायला लागली. अंकुशनं कानावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

मी दुसऱ्या बाजूच्या दारानं उतरले. रस्ता ओलांडला. अंगावरच्या गुलालानं कुणी ओळखेल म्हणून पदरानं मान, तोंड पुसत भराभर चालले. मागं वळून बघायची हिंमत नव्हती. पळाले तर संशय येईल म्हणून पळतही नव्हते. त्याचं गाणं मागून येत होतं आणि पोरं साथ देत होती. समोरून करमाळ्याकडं निघालेला एक रिकामा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरच्या शेजारी मडगार्डवर त्याची बायको बसली होती. मी हात केला. तिनंच नवऱ्याला थांबायला लावलं आणि मला वर ओढून घेतलं.

"नाव काय गं तुजं?"

जीभ टाळ्याला चिकटली. मग म्हटलं, "मंदा."

तेच नाव आजतागायत चालू आहे. करमाळ्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे, त्याच्या पाटीवरही तेच. माझा सख्खा भाऊसुद्धा आता मंदाक्का म्हणतो.

बाईनं माझ्या कपाळाकडं, गुलालाकडं, पिशवीसुद्धा नसलेल्या हातांकडं बघितलं. बायकांना कळतं. ट्रॅक्टर पुढं गेल्यावर ती कानाशी वाकली.

"नवऱ्याला सोडून आलीस?"

मी मान डोलावली.

"मारत हुता?"

"न्हाई."

"दुसरी ठिवली का?"

"न्हाई."

"मग गं? काय केलं त्यानं?"

"माफ केलं मला," मी म्हटलं.

तिला काही कळलं नाही. पदराची गाठ सोडून तिनं माझ्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या.